चरणाऱ्या कोकरांचा खुराक: मूठभर भरडा नेमका कुठे कामाला येतो

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, किंवा तिकडे पारनेर-संगमनेर. या कोरड्या पट्ट्यातल्या दख्खनी मेंढ्यांच्या बऱ्याच कळपांचं वर्ष एका ठरलेल्या चालीने चालतं. पावसात माळ हिरवा होतो, मेंढ्या अंगाने भरतात, माजावर येतात, गाभण राहतात. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा, म्हणजे कोकरं पडतात दिवाळीच्या पुढे, थंडीत. तोवर रानात बऱ्यापैकी चारा असतो, आईला दूध उतरतं, कोकरू झपाट्याने वाढतं. तीन महिन्यांनी ते दुधावरून तुटतं. तेव्हा कॅलेंडरवर फेब्रुवारी-मार्च असतो आणि माळावर उरलेलं असतं वाळलेलं कुसळी गवत.

दूध संपायला आणि गवतातला जीव जायला एकच गाठ पडते. कोकराचं जे नुकसान व्हायचं ते बहुतेक याच दोन-तीन महिन्यांत होतं. चरणाऱ्या कोकरांना वरचा खुराक द्यावा का, किती द्यावा, कशाचा द्यावा या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गाठीतून निघतात.

पोट भरलेलं आणि तरी उपाशी

मेंढपाळाचा साधा प्रश्न असतो: कोकरं दिवसभर चरतात, संध्याकाळी पोटं टम्म दिसतात, मग वरून कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर कोकराच्या पोटातच आहे.

मेंढीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट, ज्याला जनावरांचे डॉक्टर रुमेन म्हणतात. हा एक आंबवण्याचा रांजणच आहे. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गवतातले धागे पचवण्याची ताकद मेंढीत नाही, ती या जिवाणूंत आहे. ते गवत आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती मेंढीला ऊर्जा देतात. आणि पुढच्या कप्प्यात गेल्यावर हे जिवाणू स्वतःच पचून जातात, ते मेंढीचं प्रथिन. म्हणजे मेंढी गवत खाते खरी, पण जगते या जिवाणूंवर.

आता या जिवाणूंनाही खायला लागतं. त्यांना वाढायला नत्र लागतं आणि ते येतं चाऱ्यातल्या प्रथिनातून. चाऱ्यात प्रथिन ६-७ टक्क्यांच्या खाली गेलं की जिवाणूंची उपासमार सुरू होते. कोवळ्या हिरव्या गवतात प्रथिन भरपूर असतं, पण फुलोरा येऊन, बी गळून वाळलेल्या माळाच्या गवतात ते ३-४ टक्क्यांवर येतं. जिवाणू मंदावले की आत गेलेलं गवत लवकर पचत नाही. पचत नाही म्हणून पुढे सरकत नाही. पुढे सरकत नाही म्हणून पोट भरलेलंच राहतं, आणि पोट भरलेलं म्हणून कोकरू आणखी खात नाही. ते टम्म पोट दिसतं त्याचा अर्थ हा आहे. गवताने भरलेलं आणि आतून उपाशी. हे ज्याने समजून घेतलं त्याला खुराकाचं अर्धं शास्त्र समजलं असं मी मानतो.

यावरून एक गोष्ट ओघाने येते. वाळल्या गवतावरच्या कोकराला आधी पेंडीची गरज असते, दाण्याची नंतर. थोडीशी पेंड पोटात गेली की जिवाणूंना नत्र मिळतं, ते कामाला लागतात, तेच गवत लवकर पचतं आणि कोकरू उलट जास्त चरतं. म्हणजे पेंडीचा फायदा दुहेरी: तिचा स्वतःचा, आणि तिने पचवून घेतलेल्या गवताचा. नुसती ज्वारी किंवा मका भरपूर दिली तर याच्या उलटं होतं. दाण्यातला स्टार्च पचवणारे जिवाणू वाढतात, धागा पचवणारे मागे पडतात, पोट दाण्याने भागतं आणि कोकरू चरायचं कमी करतं. माळावरचं फुकटचं गवत सोडून विकतचा मका खातं. खुराक चराईच्या जोडीला असायला हवा, तो चराईच्या जागी येऊन बसला की हिशेब बिघडला.

पावसाळ्यात चित्र वेगळं. तेव्हा गवतात प्रथिन असतं आणि पाणीही खूप असतं. चांगल्या हिरव्या माळावरच्या कोकराला पेंड फारशी लागत नाही. द्यायचाच तर थोडा भरडा पुरतो. त्या दिवसांत पेंडीवर पैसे घालू नयेत.

सुरुवात आईपासून

कोकराचा पहिला खुराक आईच्या तोंडातून जातो. पोटातल्या पिल्लाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात आई अर्धपोटी राहिली तर कोकरू हलकं जन्मतं आणि चीक कमी उतरतो. मेंढीत आईच्या रक्तातून पिल्लाला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर २४ तासांत संपत येते. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा. तीन किलोचं कोकरू असेल तर ३०० मिलिलिटर, आणि त्यातला निम्मा तरी पहिल्या काही तासांतच. पुढे कितीही महागडा खुराक घाला, ही पहिली वेळ भरून निघत नाही.

जन्मलेल्या कोकराचं कोटीपोट अगदी लहान असतं. दूध गळ्यातून एका पन्हाळीसारख्या वळीतून थेट चौथ्या कप्प्यात जातं, कोटीपोटाला वळसा घालून. ते वाढायला लागतं कोरडं खाणं पोटात गेल्यावर. चाऱ्याने त्याचा आकार आणि स्नायू वाढतात. भरड्यातून निघणाऱ्या आम्लांनी त्याच्या आतल्या अस्तरावरचे बारीक फुगवटे वाढतात, ज्यांतून अन्नरस रक्तात जातो. दोन्ही लागतात. म्हणून दूध चालू असतानाच, पंधराव्या दिवसापासून, कोकरापुढे चिमूटभर भरडा आणि कोवळा पाला ठेवायला हवा. ते सुरुवातीला खात नाही, नुसतं हुंगतं, तोंड लावतं, सांडतं. तरी ठेवावा. महिन्याचं झालं की रोज ३०-५० ग्रॅम खायला लागतं, आणि तीन महिन्यांचं होईपर्यंत दीड-दोनशे ग्रॅमवर येतं. अशा कोकराला दूध तुटल्याचा धक्का बसत नाही, कारण त्याचं पोट आधीच तयार झालेलं असतं.

धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाच्या जागी, ही सोय करायला जागा आयतीच आहे. मेंढ्या सकाळी चरायला बाहेर पडतात तेव्हा लहान कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडाळ्यात, मागेच ठेवलेली असतात. त्यांना सांभाळतात घरातल्या बाया. बाभळीचा, बोरीचा, शेवरीचा डहाळा दोरीला बांधून कोकरांच्या तोंडाच्या उंचीवर टांगायचा ही त्यांचीच जुनी रीत. कोकरू खालचं तुडवलेलं खात नाही, टांगलेलं ओढून खातं, आणि पाला लेंड्या-मुतात खराब होत नाही. याच वाघरीत एक उथळ गव्हाण ठेवली की काम झालं. कळप एका जागी बसून असेल तर बांबूची चौकट करून तिच्यात ७-८ इंचांच्या फटी ठेवाव्यात: कोकरू आत शिरतं, आई बाहेर राहते. खुराकाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पुरुषांशीच बोलतो, पण कोणतं कोकरू आज सुस्त आहे, कोणाला आई पाजत नाही हे आधी कळतं ते वाघरीपाशी बसणारीला. प्रशिक्षणाला तिला बोलवायला हवं.

जुळ्यांचा प्रश्न वेगळाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळी झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट असं लोक धरून चालतात, पण दूध दुप्पट होत नाही. जुळ्यांना लवकर भरडा आणि त्यांच्या आईला जादा खुराक दिला नाही, तर दोन किरटी कोकरं हाती येतात.

मिश्रण

बाजारात तयार गोळीपेंड मिळते आणि चांगल्या कंपनीची असेल तर ती सोयीची. पण घरी मिश्रण करणं अवघड नाही. १०० किलोसाठी एक सरळ प्रमाण असं: मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ५० किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड २५, गव्हाचा कोंडा आणि तूर-हरभऱ्याची चुणी (डाळ करताना उरणारा चुरा) मिळून २१, मेंढ्यांचं क्षारमिश्रण २, चुनखडीची पूड १, मीठ १. यात प्रथिन १८ टक्क्यांच्या आसपास बसतं. भरडा म्हणजे भरडाच. पीठ करू नये. पीठ नाकात जातं, कोकरं ठसकतात, आणि पोटात ते फार वेगाने आंबतं.

चुनखडीची पूड पाहून लोक बिचकतात. दाणे आणि कोंडा यांत स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हे प्रमाण असंच राहिलं तर नर कोकरांच्या मूत्रमार्गात खडे होतात. बोकडात, मेंढ्यात ती नळी बारीक असते, खडा अडकतो, लघवी तुंबते आणि तयार झालेला नर हातचा जातो. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावं, मीठ असावं म्हणजे तहान लागते, आणि पाणी स्वच्छ व मुबलक असावं. उसाच्या पट्ट्यात वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, चालणाऱ्या कळपांनी तर हे जास्तच पाळावं, कारण वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

काही गोष्टी नकोतच. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, कितीही स्वस्त मिळाली तरी. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. लहान कोकरांना सरकी पेंड नको. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य पचवायला पूर्ण तयार झालेलं कोटीपोट लागतं. सहा महिन्यांच्या आत युरिया कुठल्याच रूपात नको, युरिया घातलेल्या चाटण-विटाही नकोत. आणि कोंबड्यांचं किंवा डुकरांचं खाद्य मेंढीला घालू नये. मेंढीचं यकृत तांबं साठवत राहतं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि मग एक दिवस जनावर पिवळं पडतं, लाल लघवी करतं आणि मरतं. क्षारमिश्रण घेताना पुडक्यावर ‘मेंढी’ हा शब्द पाहूनच घ्या.

पेंड परवडत नसेल तेव्हा झाडं आहेत. उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगा पडतात. त्या वेचून, वाळवून, भरडून ठेवता येतात. सुबाभळीच्या पाल्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिन असतं, पण त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असल्याने तो हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. शेवरी, हदगा उत्तम. गायरानं आक्रसली, कुरणांना कुंपणं पडली. बांधावरची अशी झाडं हाच अनेक मेंढपाळांचा उरलेला पेंडीचा साठा आहे.

किती, कधी, कसं

दूध तुटलेल्या, चरून येणाऱ्या कोकराला वजनाच्या एक ते दीड टक्का खुराक हे कामचलाऊ माप. बारा किलोच्या कोकराला १२० ते १८० ग्रॅम. हाताच्या मुठीवर विसंबू नका. प्रत्येकाची मूठ वेगळी असते, आणि पेंडीची मूठ कोंड्याच्या मुठीपेक्षा बरीच जड भरते. एका डब्यावर एकदा वजन करून खूण करून ठेवा.

वेळ संध्याकाळची. सकाळी खुराक दिला की कोकरं गव्हाणीपाशी रेंगाळतात, रानात जाऊनही मागे वळून पाहतात, आणि सकाळची गार वेळ, जी उन्हाळ्यात चराईची खरी वेळ, ती वाया जाते. संध्याकाळी परत आल्यावर आधी पाणी, मग खुराक. प्रत्येक कोकराला गव्हाणीवर किमान वीतभर जागा हवी. जागा कमी पडली की दांडगी कोकरं दोन वाटे खातात आणि ज्यांच्यासाठी खुराक आणला ती मागे उभी राहतात. गव्हाणीपाशी पाच मिनिटं उभं राहून पाहिलं की हे दिसतं: मागे उभी असणारी रोज तीच असतात. त्यांचा वेगळा गट करावा. दांडग्यांना हुसकून काही उपयोग होत नाही.

सुरुवात ५० ग्रॅमपासून. दोन आठवडे हळूहळू वाढवत पूर्ण मात्रेवर यायचं. हा नियम मोडला तर खुराकच जीव घेतो. दाणा एकदम जास्त गेला की कोटीपोटात लॅक्टिक आम्लाचा पूर येतो, धागा पचवणारे जिवाणू मरतात, कोकरू सुस्त होतं, दात खातं, पातळ हगतं, आडवं होतं. ज्वारी-मक्याची कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवली की हे हमखास घडतं. पडलेली कणसं आणि सांडलेले दाणे भुकेलं कोकरू अधाशासारखं खातं. लग्नातला उरलेला भात, पोळ्या घातल्यानेही हेच होतं. अशा शेतात पहिल्या दिवशी कोकरांना वाळल्या चाऱ्याने अर्धं पोट भरूनच सोडावं आणि अर्ध्या-पाऊण तासात बाहेर काढावं. लक्षणं दिसली तर दाणा लगेच बंद, पुढे वाळला चारा, आणि डॉक्टरला फोन. खायचा सोडा पाण्यातून पाजणं हा प्रथमोपचार आहे, पण किती पाजायचा ते त्यांना विचारूनच.

दुसरा घातक प्रकार आंत्रविषार. आतड्यात एरवी शांत पडून असलेला क्लॉस्ट्रिडियम जातीचा जिवाणू भरपूर खाणं मिळालं की फोफावतो आणि विष सोडतो. यात मरतात ती कळपातली सर्वांत जोमदार कोकरं, रात्रीतून, बरेचदा काही लक्षण न दाखवता. सकाळी मेलेलं चांगलं कोकरू पाहून ‘साप चावला’ म्हणतात. याला औषधाला वेळच मिळत नाही, उपाय लसीचाच. खुराक वाढवायच्या आधी लस, पहिल्यांदा घेणाऱ्याला दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा.

आणि जंत. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. गुलाबी-लाल असेल तर ठीक, पांढरट असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. जबड्याखाली पाणी धरलं असेल तर फार उशीर होत आला. आधी जंतनाशक, मग खुराक. नाहीतर तुमची पेंड जंतांच्या वाट्याला जाते. उलट हेही खरं की प्रथिन मिळणारं कोकरू जंतांचा मारा जास्त सोसतं.

परवडतं का

हिशेब करून पाहू. भाव तुमच्या बाजाराचे धरा. समजा रोज २०० ग्रॅम खुराक, ९० दिवस: १८ किलो. मिश्रण ३० रुपये किलोने पडलं तर ५४० रुपये. जिवंत वजनाचा भाव ३५० रुपये धरला तर हा खर्च निघायला कोकराचं वजन साधारण दीड किलो जास्त भरायला हवं. म्हणजे दिवसाला जेमतेम १७ ग्रॅम जादा वाढ. कडक उन्हाळ्यात, वाळल्या माळावर एवढी वाढ मिळणं अवघड नाही. हिरव्या माळावर, आधीच भरलेल्या कोकरांत मात्र ती तेवढी मिळेलच असं नाही. म्हणून सगळ्या कळपाला सरसकट खुराक घालण्यापेक्षा निवड करावी: दूध नुकतं तुटलेली, जुळी, मागे पडलेली, आणि बकरी ईदला विकायचे किंवा पैदाशीसाठी ठेवायचे नर. पुढे आई होणाऱ्या माद्या या यादीत असाव्यात असं माझं ठाम मत आहे. त्यांचा पैसा लगेच दिसत नाही म्हणून त्या सुटतात, आणि मग त्या उशिरा माजावर येतात.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. लटकता काटा आणि एक पोतं एवढंच लागतं. प्रत्येक कोकराचं नको, दहा-बारा खुणेची कोकरं पुरतात. वजन हलत नसेल तर खुराक वाढवण्याआधी पाणी, जंत आणि गव्हाणीची जागा तपासा.

पैशाची थोडी मदत सरकारकडूनही मिळू शकते. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो, आणि संतुलित खाद्यासाठीही अनुदानाची तरतूद आहे. योजना पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडून चालते. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करत राहावी.

कोकणात उतरणाऱ्या कळपांना पोती घेऊन फिरणं शक्य नसतं. घोड्यावर आधीच भांडी, बिऱ्हाड आणि चालू न शकणारी कोकरं असतात. त्यांनी मुक्कामाच्या गावात थोडी थोडी पेंड आणि चुणी घ्यावी, पण गाव बदललं म्हणून पेंडीचा प्रकार एकदम बदलू नये. जुनी नव्यात मिसळत आठवडाभरात बदलावी, कारण कोटीपोटातल्या जिवाणूंनाही नव्या खाण्याची सवय व्हायला दिवस लागतात.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले, माळावर पोपटी लव दिसायला लागली की खुराक लगेच बंद करायचा मोह होतो. तो टाळावा. ती लव दिसते भरपूर, पण तोंडात येते थोडी आणि तीही पाण्याने भरलेली. कोकरं तिच्यामागे दिवसभर चालतात आणि वजन घटवून येतात. पातळ हगवणही याच दिवसांत, आंत्रविषारही याच दिवसांत. म्हणून त्याच्या लसीची पावसाआधीची मात्रा मे महिन्यात होऊन जायला हवी. गवत बोटभर उंच होईपर्यंत संध्याकाळचा खुराक आणि मूठभर वाळला कडबा चालू ठेवावा. मग पेंड आधी कमी करावी, भरडा नंतर, आणि दहा-बारा दिवसांत दोन्ही थांबवावेत.